उपसूचना आधी, ठराव नंतर

रविवार, सकाळचे दहा. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाड्या बाहेर गेल्यात, प्लास्टिकच्या खुर्च्या आत आल्यात. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत उरकायला हवी. गणपूर्तीला 20 सभासद लागतात, आलेत 13. सेक्रेटरी निवांत आहेत. अर्ध्या तासाने सभा तहकूब करायची आणि तिथेच पुन्हा भरवायची. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, हे नोटिशीतच छापलंय. साडेदहाला, गरज संपल्यावर, माणसं भराभर उतरतात.

मागचं इतिवृत्त, हिशेब, अंदाजपत्रक, सगळं मंजूर. कोणी मान वर करत नाही.

विषय क्रमांक पाच, गच्चीचं वॉटरप्रूफिंग. वरच्या मजल्यावरच्या काकू घरातल्या बादल्या मोजून दाखवतात. तळमजल्यावरचे काका उसळतात, ‘‘आम्ही कधी गच्चीवर पाय तरी ठेवलाय का?’’ मग दहा आवाज एकदम. कुणाचं पार्किंग, कुणाचा कुत्रा, सगळं त्यात येतं. अध्यक्ष टेबलावर पेन आपटतात. ‘‘आधी ठराव वाचा.’’

सेक्रेटरी वाचतात : गच्चीचे वॉटरप्रूफिंग करावे व त्यासाठी प्रत्येक सदनिकेकडून समान वर्गणी घ्यावी. सूचक काकू, अनुमोदक त्यांच्या शेजारच्या. आता भांडायला नेमकं एक वाक्य आहे, आणि कुत्रा आपोआप बाजूला पडतो. नियमांची ही करामत मला दरवर्षी नव्याने पटते.

वन रूम किचनवाले दादा उठतात. ‘‘‘समान’ काढा, ‘क्षेत्रफळाप्रमाणे’ घाला.’’ ही उपसूचना. तिला अनुमोदन द्यायला तीन हात वर. तळमजल्याचे काका घाईने म्हणतात, ‘‘माझीही उपसूचना, हे काम करूच नये!’’

जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले आजोबा बसल्या जागेवरून सांगतात, ‘‘ती उपसूचना होत नाही. नको असेल तर ठरावाच्या वेळी विरोधात हात वर करा.’’

मत आधी उपसूचनेवर. ठराव कोणत्या शब्दांत उभा राहणार हे ठरल्याशिवाय त्याला हो किंवा नाही कसं म्हणणार? हात मोजले जातात. बाजूने 14, विरोधात 14. सेक्रेटरी पुन्हा मोजतात, तेच.

मतं समसमान झाली की सहकार कायदा अध्यक्षांना निर्णायक मत देतो. अध्यक्षांचा फ्लॅट इमारतीत सगळ्यात मोठा. ते घसा साफ करतात तेव्हाच निम्मी सभा हसतेय.

‘‘विरोधात.’’

उपसूचना फेटाळली. त्यांचा हक्कच आहे तो. माझं घर लहान आहे, म्हणून मला जरा झोंबतं, इतकंच.

आता मूळ ठराव. दादा हरलेत, तरी पहिला हात त्यांचाच. ‘‘पाणी तर थांबायला हवं!’’ ठराव बहुमताने मंजूर होतो.

‘‘माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा,’’ काका म्हणतात आणि सेक्रेटरींच्या खांद्यावरून वहीत डोकावतात. ‘‘‘तीव्र’ लिहा. तीव्र विरोध.’’ सेक्रेटरी काकपद घालून वर ‘तीव्र’ लिहितात. तोवर अध्यक्षांनी विषय क्रमांक सहा पुकारलाय, कबुतरांची जाळी, आणि काकांचा हात पुन्हा वर आहे.