बेस गिटारचे पिकअप : निवड व जोडणी

ज्या घरांत वाढतीं मुलें आहेत अशा कित्येक शहरी घरांत आज पेटी-तबल्याच्या शेजारीं लांब मानेची, चार जाड तारांची एक विजेची गिटार भिंतीशीं टेकून उभी असलेली दिसते. तिला बेस गिटार म्हणतात. तंबोऱ्यांत खर्जाच्या तारेचें जें काम, तेंच वाद्यवृंदांत हिचें. ती वाजत असतां तिच्याकडे कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. पण ती थांबली कीं गाण्याचा पायाच निघून गेल्यासारखें वाटतें. अशा गिटारीचा आवाज कांहीं वर्षांनीं बारीक होतो, मध्येंच तुटतो, किंवा त्यांत 'हूं' असा एकसारखा घुमणारा ध्वनि मिसळतो. मग घरांत नव्या वाद्याची मागणी सुरू होते आणि वडील माणसें पैशाच्या विचारांत पडतात. पुष्कळ वेळां नव्या वाद्याचें कारणच नसतें. तिच्या पोटांतील 'पिकअप' नांवाचा लहानसा भाग बदलला, किंवा एखादा सुटलेला सांधा जोडला, म्हणजे काम भागतें. तें कसें ओळखावें, पिकअप कसा निवडावा, कसा जोडावा, आणि या कामांत खरा धोका कोठें आहे, एवढें आजच्या भाषणांत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम पिकअप म्हणजे काय तें पाहूं. इ. स. १८३१ त मायकेल फॅरडे यानें असें दाखवून दिलें कीं, तारेच्या वेटोळ्यापाशीं चुंबकाचें बळ कमीजास्त होऊं लागलें म्हणजे त्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. पिकअपांत हाच नियम राबविलेला असतो. त्यांत कांहीं चुंबक असतात आणि त्यांच्याभोंवतीं केसासारख्या बारीक, सुमारें ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्यानें स्वतः चुंबकित होते. ती हलली कीं वेटोळ्यांतील चुंबकबळ त्याच गतीनें हलतें व तितक्याच कंपनांची वीज निघते. पिकअप हवेंतील आवाज ऐकत नाहीं, तो लोखंडाची हालचाल ओळखतो. म्हणूनच या गिटारीवर नायलॉनच्या तारा चढविल्या तर पिकअप मुका राहतो.

आतां त्या घुमणाऱ्या ध्वनीविषयीं. घरांतील वीज सेकंदाला ५० वेळां आंदोलन पावते. तिच्या तारा, रोहित्रें व यंत्रें यांच्याभोंवतीं तसेंच आंदोलणारें चुंबकक्षेत्र असतें आणि पिकअपाचें वेटोळें तेंही इमानानें टिपतें. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असतां सेकंदाला ४१.२ कंपनें देते, दुसरी ५५ देते. जाड तारेवर तिसऱ्या पडद्याशीं बोट ठेवलें कीं ४९ कंपनांचा स्वर निघतो. म्हणजे विजेची ही घुरघुर वाद्याच्या ऐन स्वरांच्या घरांतच येऊन बसलेली आहे. ती चाळून काढावी म्हटलें तर तिच्याबरोबर वाद्याचा स्वरही जाईल.

यावर तोड अशी निघाली कीं, एकाऐवजीं दोन वेटोळीं घ्यावीं, त्यांचे वेढे परस्परविरुद्ध दिशेनें जोडावे व त्यांतील चुंबकही उलटसुलट ठेवावे. बाहेरची घुरघुर वेढ्यांची दिशा तेवढी पाहते, त्यामुळें ती दोन्हींकडे उलट उमटून आपोआप पुसली जाते. तारेच्या स्वरांत मात्र वेढे व चुंबक दोन्ही उलटलेले असल्यामुळें तो सुलटच राहतो व त्याची बेरीज होते. या रचनेला 'हंबकर' म्हणतात. गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर यानें तिच्या गिटारींतील एका प्रसिद्ध रूपाच्या पेटंटसाठीं इ. स. १९५५ त अर्ज केला. लिओ फेंडर यानें इ. स. १९५१ त 'प्रिसिजन बेस' बाजारांत आणली तेव्हां तिला एकच वेटोळें होतें. इ. स. १९५७ त त्याचे दोन तुकडे करून दोन-दोन तारांखालीं एकेक ठेवण्यांत आला व घुरघुर मिटली. इ. स. १९६० मध्यें आलेल्या 'जॅझ बेस'ला दोन सरळ पिकअप असतात. आजच्या बहुतेक जोड्यांत ते परस्परांच्या उलट केलेले असतात, म्हणून दोन्ही सारखे उघडले तर आवाज स्वच्छ येतो. एकटाच ठेवला कीं घुरघुर परत येते.

पिकअप विकत घेण्यापूर्वीं जुना खरोखर बिघडला आहे काय तें पाहावें. साधा मल्टिमीटर यासाठीं पुरे. गिटारींत तिची नेहमींची दोरी खुपसावी, आवाजाचा नॉब पूर्ण उघडावा आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाच्या खिळ्याचें अग्र व बूड यांमधील रोध मोजावा. प्रिसिजन बेसमध्यें तो साधारण १० हजार ओहमच्या आसपास निघतो. जॅझ बेसमध्यें दोन्ही नॉब उघडे असतां सुमारें ४ हजार. असा आंकडा आला तर वेटोळें जिवंत आहे, दोष दुसरीकडे शोधावा. आंकडा अडीच लाखांच्या जवळ गेला तर वेटोळें तुटलें आहे व आपण केवळ नॉबाखालच्या पॉटचाच रोध मोजीत आहों, असें समजावें. अंतहीन रोध दिसला तर दोरी किंवा जॅकची तार तुटलेली असते. तो सांधा नीट केला कीं काम झालें. बॅटरीवर चालणाऱ्या गिटारीला मात्र ही परीक्षा लागू पडत नाहीं.

घुरघुरीचीही अशीच परीक्षा आहे. गिटार हातांत धरून जागच्या जागीं गिरकी घेतांना ती कमीजास्त होत असेल तर ती चुंबकी होय. तिच्यावर दोन वेटोळ्यांचा पिकअप हाच उपाय. तारांना हात लावतांच आवाज कमी होत असेल तर दोष आच्छादनाचा आहे. अशा वेळीं आंतील पोकळीला तांब्याचा पातळ पत्रा चिकटवून तो अर्थच्या तारेस जोडावा. नवा पिकअप घेऊन ही दुसरी खरखर जात नाहीं, आणि पैसे बहुधा येथेंच फुकट जातात.

बदलणें ठरलेंच, तर निवडतांना पहिला विचार मापाचा. जुना पिकअप पट्टीनें मोजावा. जॅझ बेसचे दोन पिकअप दिसायला सारखे असले तरी सारखे नसतात. मानेकडचा सुमारें ९२ व घोडीकडचा सुमारें ९५ मिलिमीटर लांब असतो, कारण घोडीकडे तारांतील अंतर वाढत जातें. पांच तारांच्या वाद्याला चार तारांचा पिकअप पुरत नाहीं. दुसरा विचार चुंबकाचा. ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट मिसळलेल्या 'अल्निको' चुंबकाचा आवाज सामान्यतः गोलसर समजतात. सिरॅमिक चुंबकाचा अधिक उठावदार व तिखट. तिसरा विचार रोधाच्या आंकड्याचा. मोठा रोध म्हणजे मोठा आवाज अशी समजूत आहे, ती पुरती खरी नव्हे. तार अधिक बारीक घेतली तरीही रोध वाढतो. एका जातीच्या पिकअपांची आपसांत तुलना करण्यास तो उपयोगी, एवढेंच. चवथा विचार बॅटरीचा. कांहीं पिकअपांत लहानसें वर्धक असतें व त्याला ९ व्होल्टची बॅटरी लागते. त्यांचे पॉटही निराळे, बहुधा २५ हजार ओहमचे असतात. साध्या एकेरी पिकअपांना २५० हजार ओहमचा पॉट व ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ही रूढ जोडी आहे. मात्र हें ध्यानांत असावें कीं, पिकअपाची जागा बदलत नाहीं. घोडीजवळ तारेचें मूळ कंपन लहान असतें व वरचे सूक्ष्म स्वर ठळक असतात; म्हणून तेथील आवाज बारीकच येणार. कोणताही महाग पिकअप हा नियम मोडूं शकत नाहीं.

आतां जोडणी. गिटार ध्वनिवर्धकापासून सोडवावी, तारा उतरवाव्या, आणि कांहींही उकलण्यापूर्वीं आंतील तारांचें चित्र काढावें. आज प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्राचें यंत्र असतें, त्याचा उपयोग करावा. पॉटला तीन पाय असतात. प्रिसिजन बेसमध्यें पिकअपाची स्वराची तार एका टोकाच्या पायास, त्याच्या समोरचा टोकाचा पाय पॉटच्या धातूच्या पाठीस, व मधला पाय जॅकच्या अग्राकडे जातो. पिकअपाची दुसरी तार, जॅकच्या बुडाची तार व घोडीकडून येणारी तार, या तिन्ही पॉटच्या पाठीस मिळतात. हीच वाद्याची अर्थ. स्वराच्या त्याच पायापासून एक तार टोनच्या पॉटकडे नेऊन तेथून कपॅसिटर पाठीस जोडला म्हणजे टोन तयार झाला. नॉब जसा मिटावा तसतसे उंच स्वर या वाटेनें वाहून जातात, पाटाची मोरी उघडावी तसे.

जॅझ बेसमध्यें एक फरक महत्त्वाचा आहे. तेथें पिकअपाची तार पॉटच्या मधल्या पायास लावतात व स्वर टोकाच्या पायांतून बाहेर नेतात. तसें न केल्यास एक नॉब मिटतांच दुसऱ्या पिकअपाचाही आवाज बंद पडतो.

डाख देतांना पॉटची पाठ पॉलिश कागदानें घासावी, राळ भरलेली डाखाची तार वापरावी व सांधा प्रथम तापवून मग त्यावर डाख वितळूं द्यावा. चांगला सांधा चकचकीत दिसतो. मळकट, गोळा झालेला सांधा महिन्याभरांत दगा देतो. डाखांत बहुधा शिसें असतें, म्हणून खिडकी उघडी ठेवावी, काम झाल्यावर हात धुवावे व लहान मुलांना दूर ठेवावें.

दोन पिकअपांपैकीं एकच बदलला व दोन्ही एकदम उघडतांच आवाज पोकळ, खर्ज गेल्यासारखा आला, तर ते एकमेकांविरुद्ध बोलत आहेत असें समजावें. होकायंत्र दोघांवर धरून पाहावें. सुई दोहोंकडे उलट फिरली तर नव्या पिकअपाच्या दोन तारांची अदलाबदल करावी. पोकळपणाही जाईल व घुरघुरही. सुई सारखीच फिरली तर अदलाबदलीनें पोकळपणा जाईल, पण घुरघुर राहील. यासाठीं जोडी एकदम घेणेंच बरें. शेवटीं पिकअपाची उंची. शेवटच्या पडद्यावर तार दाबली असतां तार व चुंबक यांत २ ते ३ मिलिमीटर अंतर असावें. त्याहून फार जवळ आणल्यास चुंबक तारेला ओढतो व स्वर डळमळतो.

आतां धोक्याविषयीं, हा भाग वाजविणाऱ्या मुलांनीं अवश्य ऐकावा. घोडीपासून अर्थला जाणाऱ्या तारेमुळें गिटारीच्या सर्व तारा दोरीवाटे ध्वनिवर्धकाच्या सांगाड्याशीं जोडलेल्या असतात. सांगाडा नीट अर्थ केलेला असेल तर यांत भय नाहीं. पण भिंतींतील तिसरें छिद्र नुसतें शोभेचें असेल, आणि यंत्रांत बिघाड होऊन सांगाड्यांत वीज उतरली, तर २३० व्होल्ट थेट वाजविणाऱ्याच्या बोटांशीं येतात. त्याच वेळीं त्याचे ओठ दुसऱ्या ठिकाणच्या ध्वनिक्षेपकास लागले तर प्रवाह त्याच्या छातींतून जातो. इ. स. १९७२ त 'स्टोन द क्रोज' या स्कॉटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे यास स्वान्सी येथें ऐन रंगमंचावर, अर्थ नसलेल्या ध्वनिक्षेपकास हात लागून, मरण आलें. घुरघुर थांबविण्यासाठीं प्लगाची तिसरी पिन काढून टाकणें हा उपाय कोणी सुचवील. तो कधींही करूं नये. पिकअपाच्या वेटोळ्यांत निघणारी वीज मुंगीलाही इजा करणार नाहीं; धोका भिंतींतील विजेचा आहे. घराचें अर्थिंग जाणकार वायरमनकडून तपासून घ्यावें, ३० मिलिअँपियरला तोडणारें संरक्षक बटण बसवावें, ध्वनिक्षेपक व ध्वनिवर्धक एकाच बोर्डावरून चालवावे, आणि ध्वनिवर्धकाचें झांकण स्वतः उघडूं नये. त्याच्या आंतील कपॅसिटर प्लग काढल्यावरही विजेनें भरलेले राहूं शकतात.

श्रोतेहो, आधीं मोजावें, मग घ्यावें, आणि अर्थची खात्री करून मगच वाजवावें, एवढें या भाषणाचें सार. एका सुटीच्या दिवसांत बापलेकांनीं मिळून करण्याजोगें हें काम आहे. त्यांत थोडा पैसा वांचतो. शिवाय फॅरडेचा जो नियम मुलानें पुस्तकांत पाठ केलेला असतो, तो त्याच्या स्वतःच्या वाद्यांतून खर्जाच्या स्वरांत त्याला ऐकूं येतो.