चाकांवरचे घर आणि हिवाळ्यातले पाणी

श्रोतेहो, विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण फिरस्त्या माणसाविषयी म्हणतो. अमेरिकेत आणि कॅनडात ही म्हण खरी करून दाखवणारी पुष्कळ मंडळी आहेत. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचे एक छोटे घर त्यांच्यापाशी असते. त्याला कॅम्पर ट्रेलर म्हणतात. आत निजायला फळ्या, चूल, मोरी, संडास, अंघोळीची जागा, पाण्याची टाकी आणि पाणी तापवण्याचा बंब, असा सगळा संसार. उन्हाळ्यात डोंगरात, तळ्याकाठी जायचे आणि थंडी पडली की ते घर अंगणात उभे करून कुलूप लावायचे. आपल्याकडची जी मुले तिकडे नोकरीला आहेत, त्यांच्यापैकी काहींच्या दारातही आता असे घर उभे असते. कुलूप लावण्याआधी त्यातल्या नळांची जी व्यवस्था करावी लागते, तिच्याविषयी आज सांगायचे आहे.

आपण म्हणाल, नळांची कसली व्यवस्था? तोटी बंद केली की झालं! पण मिनेसोटासारख्या राज्यात जानेवारीत पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंश सेल्सिअस उतरला तरी त्याचे कुणाला नवल वाटत नाही. राहत्या घरात शेगडी चालू असते. अंगणातल्या या रिकाम्या घराला ऊब देणारे कोणी नाही. भिंती पातळ, आणि वारा पोटाखालूनही लागतो.

आता पाण्याचा स्वभाव पाहू. बहुतेक पदार्थ थंडीने आकसतात. पाणीही आकसते, पण सुमारे ४ अंशांपर्यंतच. तिथून पुढे ते उलट फुगू लागते, आणि बर्फ होताना तर एकदम जास्त जागा मागते. अकरा भांडी पाण्याचा बर्फ झाला तर त्याला बारा भांड्यांची जागा लागते, असा ढोबळ हिशेब धरा. शिक्षकांना हा प्रयोग वर्गासाठी सहज करता येईल. प्लॅस्टिकची एक बाटली पाण्याने काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून, बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवावी. शेजारी दुसरी, अर्धीच भरलेली. सकाळी पहिलीचे पोट सुटलेले असेल, दुसरी होती तशीच राहील. मात्र काचेची बाटली घेऊ नये. ती फुटते.

यावरून कोणालाही वाटेल, की बर्फ जिथे होतो तिथेच नळ फुटत असेल. पण पुष्कळदा तसे होत नाही. नळात एके ठिकाणी बर्फाचे बूच बसते आणि ते नळाच्या लांबीने वाढत जाते. बूच आणि बंद तोटी यांच्यामध्ये जे पाणी कोंडले गेले, ते अजून पातळच असते. त्याला ना पुढे वाट, ना मागे. पाणी दाबून लहान होत नाही. त्याचा दाब चढत जातो आणि जो सांधा सगळ्यांत नाजूक तो उकलतो, मग तिथे बर्फाचा कणही नसो. म्हणजे खरा वैरी कोंडलेले पाणी, नुसती थंडी नव्हे. आणि गंमत अशी, की फुटले हे हिवाळाभर कळतच नाही. बर्फ वितळून वसंतात पंप सुरू केला, की पाणी भिंतीच्या आतून, फळ्यांखालून वाहू लागते. आजकालचे प्लॅस्टिकचे नळ थोडे ताणले जातात. पंपाची गाळणी, तोटीचे पोट, संडासाची झडप, ही ताणली जात नाहीत, तडकतात.

म्हणून पहिले काम पाणी काढण्याचे. सांडपाण्याच्या व मैल्याच्या टाक्या नेमून दिलेल्या जागी रित्या करायच्या, मग गोड्या पाण्याची टाकी. गाडीच्या तळाशी सगळ्यांत खालच्या जागी दोन लहान तोट्या असतात, त्या उघडायच्या आणि वरचे सगळे नळही मोकळे सोडायचे. पाण्याची गाळणी असेल तर तिच्यातली नळकांडी काढून ठेवायची. बंबाचा गॅस आणि वीज आधी बंद करून तो पुरता निवू द्यायचा, गरम पाण्याचा नळ उघडून दाब उतरवायचा, आणि मगच त्याचे बूच काढायचे. घाई करणाऱ्याचा हात भाजतो. पोलादी बंबाच्या बुचाला पुष्कळदा मॅग्नेशियमचा एक दांडा जोडलेला असतो. तो स्वतः झिजतो आणि बंबाचे पोलाद गंजण्यापासून वाचवतो. फारच झिजला असेल तर नवा बसवावा.

एवढे करूनही बाकांत आणि सखल जागी पाणी उरतेच. त्याला दोन उपाय आहेत. एक, दाबाची हवा सोडून ते उडवून लावणे. हवेचा दाब चौरस इंचाला ३० ते ४० पौंडांच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि एका वेळी एकच नळ उघडायचा. दुसरा, न गोठणारे गुलाबी द्रावण पंपाने सगळ्या नळांतून फिरवणे. कडक थंडीच्या मुलखात मला दुसरा उपाय अधिक भरवशाचा वाटतो, कारण हवा गेली तरी थेंब मागे राहतात आणि थेंबाथेंबाने पुन्हा बाकात पाणी साचते.

द्रावण भरण्यापूर्वी बंबाला वळसा देणारी झडप फिरवायची. नाही तर वीस-बावीस लिटर द्रावण एकटा बंबच गिळील. पंपाची नळी द्रावणाच्या बाटलीत बुडवून एकेक नळ, गरम आणि थंड दोन्ही, गुलाबी धार येईपर्यंत सोडायचा. संडास विसरायचा नाही, आणि गाडीच्या बाहेरच्या अंगाला पाय धुण्याचा फवारा असतो तोही नाही. सगळ्यांत जास्त विसर पडतो तो त्याचाच! मोरीखाली वास अडवायला नळाला बाक दिलेला असतो, त्यात पाणी उभेच राहते. तिथे प्रत्येकी पेलाभर द्रावण ओतावे. सारे मिळून आठ ते अकरा लिटर बहुधा पुरते.

बाटलीवर उणे ५० असा आकडा असतो. तो फॅरनहाइटचा, आणि त्याचा अर्थ तोवर द्रावण पातळ राहील असा नव्हे. त्याच्या कितीतरी आधी त्याचा भुसभुशीत चिखल होतो, पण तो चिखल नळ फोडत नाही. आत पाणी उरले असले तर द्रावण पातळ होऊन हा गुण जातो. आधी पाणी काढा म्हणतात ते यासाठी.

आणखी एक गोष्ट जिवाशी गाठ असलेली. मोटारीच्या इंजिनात घालायचे द्रावण बहुधा एथिलीन ग्लायकॉलचे असते. ते चवीला गोड आणि मूत्रपिंडाला घातक. पिण्याच्या नळांत घालायचे ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचे. रंगावर जाऊ नये, मोटारीचेही गुलाबी मिळते. बाटलीवरचे नाव वाचावे. या जातीच्या विषाची ओळख महाराष्ट्राला आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रोगी दगावले, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होते.

वसंतात पाणी गुलाबी यायचे थांबेपर्यंत नळ वाहू द्यावेत. मग दर ५७ लिटर पाण्याला सुमारे ६० मिलिलिटर, म्हणजे पाव कप, साधे बिनवासाचे ब्लीच टाकीत घालून ते सगळ्या नळांत पोचवावे, काही तास ठेवावे, आणि वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवावे. झडप पुन्हा बंबाकडे वळवून बंब भरला, गरम पाण्याच्या नळाला सलग धार लागली, की मगच बंब पेटवावा. रिकाम्या बंबात विजेची कांडी क्षणात जळून जाते.