पळस फुलला, भोरड्या निघाल्या

फाल्गुन लागला, की कोरपना परिसरातील धुऱ्यांवर आणि माणिकगडच्या डोंगरउतारांवर पळस पेटून उठतो. पानाचा पत्ता नसतो. नुसती केशरी फुले. अशा पळसाखाली जरा उभे राहा. वर पाखरांचा एकच कलकलाट ऐकू येईल. डोके, पंख व शेपटी काळी, पाठ आणि पोट गुलाबी, डोक्यावर शेंडी. हीच भोरडी. पळसफुलांच्या ओढीमुळे तिला पळसमैनाही म्हणतात.

भोरडीचे नाव काढले, की ज्वारी पेरणाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्या उगीच नव्हेत. थवा कणसांवर उतरला, म्हणजे गोफण फिरवून हात दुखून येतात. पण श्रावणाच्या सुमारास आलेली ही पाखरे चैत्रात कुठे जातात, याचा आपण कधी विचार केला आहे का?

भोरडी बाळंतपणाला माहेरी जाते! तिचे माहेर आहे अडीच-तीन हजार किलोमीटरांवर, मध्य आशियातील कझाकस्तानसारख्या प्रदेशांच्या गवताळ मैदानांत. उन्हाला भिऊन ती पळते असे आपल्याला वाटते. खरे कारण पिलांचे आहे. मे-जूनमध्ये तिकडे नाकतोडे आणि टोळ यांचा सुकाळ असतो. शिवाय आपल्याकडे जूनचा दिवस सुमारे तेरा तासांचा, तर तिकडचा पंधरा-सोळा तासांचा. चारा भरपूर आणि तो आणायला वेळही भरपूर! दगडांच्या ढिगांत, कपारींत शेकडो जोड्या शेजारी-शेजारी घरटी करतात. पुढे तिकडे बर्फ पडतो, किडे नाहीसे होतात; म्हणून ती त्याआधीच आपल्याकडे परतते.

निघण्याची वेळ तिला कोण सांगतो? मुख्यतः वाढणारा दिवस. कॅनडात विल्यम रोवन या शास्त्रज्ञाने १९२४ पासून याचे प्रयोग केले. कडाक्याच्या थंडीत त्याने पिंजऱ्यातील पाखरांचा दिवस विजेच्या दिव्याने रोज थोडा थोडा वाढवला. थंडी कायम असूनही त्यांच्या शरीरात वसंतातले बदल सुरू झाले.

आणि वाट? १९५० च्या सुमारास जर्मनीतील गुस्ताव क्रेमर याने भोरडीच्याच कुळातील पाखरांवर प्रयोग केले. आरशांनी सूर्यप्रकाशाची दिशा बदलली, तशी पाखरांनीही तोंडे वळवली! रात्री उडणारे पक्षी तारे पाहतात, आणि पृथ्वीचे चुंबकत्वही पुष्कळ पक्ष्यांना कळते.

एवढ्या प्रवासाला शिदोरी हवी. ती कातडीखाली चरबीच्या रूपाने साठते. पळस आणि काटेसावर यांच्या फुलांतला मध, तिथले किडे, पिकली फळे ही तिची शिदोरी. म्हणजे आपल्या धुऱ्यावरचा पळस तिच्या वाटखर्चाचा धनी आहे.

चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांचा उपद्रव फार. तिथे १९८० च्या दशकापासून भोरड्यांसाठी मुद्दाम दगड-विटांचे ढीग रचण्यात आले, कारण ही पाखरे टोळांचा फडशा पाडतात. आपल्या वावरातही ती नाकतोडे आणि अळ्या टिपते. तेव्हा ज्वारी पिकताना राखण जरूर करा, पण विषारी दाणे टाकू नका. धुऱ्यावरचे पळस-सावर सरपणासाठी मुळासकट काढू नका, आणि फुललेल्या झाडांवर फवारणीचे औषध उडू देऊ नका. एखाद्या मेलेल्या पाखराच्या पायात धातूची कडी आढळली, तर तिच्यावरचा क्रमांक, गाव आणि तारीख मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. अशा कड्यांवरूनच पाखरांच्या वाटा उमगल्या आहेत.

यंदा भोरड्यांचा शेवटचा थवा कोणत्या तारखेला दिसला, ते मुलांना घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगा. पावसाळ्यात पहिला थवा आला, की तीही तारीख लिहा. दोन-चार वर्षे हे केलेत, तर भोरडीचे जाणे-येणे तुमच्या घरात कोणालाही तोंडपाठ होईल.