महायुगांतील सावन दिनांची संख्या व पाठनिर्णय

ज्योतिषाच्या पोथ्या जमविणारांस एक अडचण वारंवार येते. एकाच मानाचे अंक दोन पोथ्यांत निरनिराळे आढळतात, आणि त्यांत लेखकप्रमाद कोणता व ग्रंथभेद कोणता हें कळत नाहीं. शब्दांचा पाठ व्याकरण व वृत्त यांवरून तपासतां येतो. अंकांचा पाठ तपासण्यास गणितच पाहिजे. तें कसें करावें हें दाखविण्यासाठीं आम्ही येथें महायुगांतील सावन दिनांची, म्हणजे सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतच्या दिवसांची, संख्या घेतों.

सूर्यसिद्धान्तांत महायुगाचीं सौर वर्षें ४३,२०,००० व सावन दिन १,५७,७९,१७,८२८ आहेत. संख्या शब्दांकांनीं दिलेली असते. वसु म्हणजे ८, अद्रि म्हणजे ७, तिथि म्हणजे १५. आणि अंक एकं स्थानापासून डावीकडे मांडावयाचे. एक शब्द गळला किंवा दोन शब्दांची अदलाबदल झाली, तरी सर्व मान बिघडतें.

पहिली कसोटी अशी. त्याच ग्रंथांत महायुगाचे नाक्षत्र दिन १,५८,२२,३७,८२८ आहेत. त्यांतून सौर वर्षें वजा केलीं असतां सावन दिन आले पाहिजेत. सौर वर्षांस ९ नीं निःशेष भाग जातो. म्हणून उरलेल्या दोन्ही संख्यांस ९ नीं भागिल्यास शेष सारखाच राहावा. अंकांची बेरीज अनुक्रमें ४६ व ५५ येते. शेष दोहोंकडे १. मात्र लेखकानें शेवटच्या २८ चे ८२ केले, तर बेरीज बदलत नाहीं व चूक सुटून जाते.

ती दुसऱ्या कसोटीनें सांपडते. शुद्ध संख्येस ४ नीं भाग जातो, ८२ नें संपणारीस जात नाहीं. चंद्राचे भगण ५,७७,५३,३३६, गुरूचे ३,६४,२२०, शनीचे १,४६,५६८; यांस व इतर ग्रहांच्या भगणांसही ४ नीं भाग जातो. अर्थात् १०,८०,००० वर्षांत, म्हणजे ३९,४४,७९,४५७ दिवसांत, सर्व मध्यम ग्रह पुन्हां आरंभस्थानीं येतात. कृतयुगान्तापासून कलियुगारंभापर्यंतचीं २१,६०,००० वर्षें याच्या बरोबर दुप्पट आहेत. म्हणून कलियुगारंभीं ते एकत्र मिळतात. चंद्रोच्चाचे भगण ४,८८,२०३ असल्यामुळें तें या नियमांत बसत नाहीं.

आतां एखाद्या पोथींत १,५७,७९,१७,५०० असा अंक दिसला, तर तो अशुद्ध समजून खोडूं नये. आर्यभटीयाचें मान हेंच आहे. तेथील भूभ्रम १,५८,२२,३७,५००. ९ नीं भागिल्यास शेष दोहोंकडे ६, आणि ४ नीं भागही जातो. दोन ग्रंथांत अंतर ३२८ दिवसांचें. त्यामुळें आर्यभटाचें वर्ष ३६५ दिवस १५ घटिका ३१ पळें १५ विपळें होतें, तर सूर्यसिद्धान्ताचें सुमारें १६ विपळांनीं मोठें.

म्हणून संग्राहकांस आमची सूचना इतकीच कीं, असा अंक उतरून घेतांना त्याच्या शेजारचीं मानेंही जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. एकट्या संख्येवरून पाठ ठरत नाहीं. तिच्या सोबतच्या संख्या जुळल्या म्हणजे ठरतो.