पत्र्याची खोली, भाडेकरू आणि विजेचे बिल



उसाचे काम करता करता भाड्याच्या खोल्यांवर लिहायची वेळ येईल, असे आम्हांला वाटले नव्हते. पण आपल्यापैकी काहींनी मुलांच्या नोकरीनिमित्त खोपोली-कर्जतकडे जागा घेऊन चार-सहा पत्र्याच्या खोल्या बांधल्या, भाड्याने दिल्या. गेल्या एप्रिलात अशाच एका सभासदाने आम्हांला खोपोलीला नेले. "साहेब, उन्हाळा लागला की भाडेकरू खोली सोडतो. राहतो तो बिलावरून भांडतो!"

भर दुपारी आत पाऊल टाकले आणि कारण कळले. वर उघडा पत्रा, खाली जुना पंखा गरम हवाच फिरवीत होता. एक बाई तान्हे मूल घेऊन बाहेर झाडाखाली बसलेली. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ चे, कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे १९२२ चे. इथल्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या आणि इथेच ही तऱ्हा!

भांडणाचे मूळ मीटरमध्ये निघाले. चार बिऱ्हाडे, मीटर एकच. घरगुती दर टप्प्याने चढतो. पहिली १०० युनिटे स्वस्त, ३०० पर्यंत महाग, पुढे आणखी महाग. खोलीमागे ८० युनिटे धरा. मीटर वेगळे असते तर चौघेही पहिल्याच टप्प्यात राहिले असते. एकत्र ३२० होतात आणि त्यांतली २२० चढ्या दराने लागतात. वेगळ्या मीटरला स्थिर आकार वेगळा पडतो खरा, तो धरूनच हिशेब करावा.

जुना पंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी ३० च्या आसपास. रोज बारा तास फिरला तर महिन्याला १६ युनिटे वाचतात. "बिल भाडेकरू भरतो, पंखा मी का घ्यावा?" प्रश्न रास्त आहे. पण उन्हाळ्यात खोली रिकामी पडते, तेव्हाचे भाडे कोण देतो?

मुख्य रोग छपराचा. खोडव्यात पाचट पसरून आपण जमीन थंड राखतो, तसेच हे. (पत्र्यावर पाचट मात्र टाकू नका, एका ठिणगीत चाळ जाईल!) गळके पत्रे आधी बदलावेत. मग वरून पांढरा रंग, खाली हातभर जागा सोडून सिमेंट बोर्डाचे छत आणि त्या पोकळीतली गरम हवा निघायला समोरासमोर झरोके. घाटाखालच्या पावसात रंग धुपतो, म्हणून फाल्गुनात पुन्हा हात फिरवावा लागतो.

या सभासदाने दोन खोल्यांना रंग दिला आहे, आणखी तीन मीटरसाठी अर्ज केले आहेत. छताचे काम उसाचे पहिले बिल हाती आल्यावर, असे ते म्हणतात.