स्टार मोजू नका, टाच बघा!

अमेरिकेतल्या नर्सिंग होम्सचे तपासणी अहवाल वाचणं हा माझा रोजचा जॉब. पण स्वतःच्या आजीसाठी पुण्यात केअर सेंटर शोधायची वेळ आली तेव्हा मी काय बघितलं? रिसेप्शनवरची ऑर्किड्स!

आधी एक कन्फ्युजन दूर करू या. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे गल्लीतलं दहा-पंधरा खाटांचं हॉस्पिटल. आपल्यातले निम्मे जण तर जन्मलेच तिथे. अमेरिकेत मात्र नर्सिंग होम म्हणजे ज्यांना घरी सांभाळणं शक्य नाही अशा माणसांची, बहुतेक करून म्हाताऱ्या माणसांची, राहायची जागा. चोवीस तास नर्स, औषधं, आंघोळ, भरवणं, सगळं तिथेच. तिथे अशी जवळपास १५ हजार होम्स आहेत.

यातल्या काही होम्सची कुंडली मला पाठ आहे. मगरपट्ट्यातल्या एका ऑफिसात, संध्याकाळी साडेसहाची कॅब पकडून मी जाते आणि पहाटेपर्यंत तिथल्या तपासण्यांचे अहवाल वाचून त्यातली माहिती एक्सेलमध्ये भरते. मैत्रिणी विचारतात, ‘‘काय करतेस गं नक्की?’’ मी सांगते, ‘‘परक्यांच्या आजी-आजोबांच्या तक्रारी मोजते.’’ एवढं बोलून विषय संपायचा. गेल्या पावसाळ्यापर्यंत.

न सांगता येणारे पाहुणे

तिथला फण्डा थोडक्यात सांगते, कारण पुढे तो कामाला येणार आहे. सरकारी योजनांचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक होमची तपासणी होते. दोन तपासण्यांमध्ये १५ महिन्यांपेक्षा जास्त गॅप चालत नाही. आणि टीम येते ती अजिबात न कळवता. तारीख कोणी आधी फोडली तर त्याला दंड, असं चक्क कायद्यात लिहिलंय. दर दहातली निदान एक तपासणी वीकेण्डला किंवा पहाटे, संध्याकाळी अशा अडनिड्या वेळी सुरू व्हावी असाही नियम आहे. कारण सोमवारी सकाळी अकरा वाजता सगळेच शहाणे असतात!

हे आपोआप झालेलं नाही. १९८६ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने नर्सिंग होम्सच्या दर्जावर एक कडक रिपोर्ट दिला आणि १९८७ मध्ये त्यावर कायदा आला. तेव्हापासून होममध्ये जी त्रुटी सापडेल तिला एक नंबर मिळतो. एफ ६८६ म्हणजे बेडसोअर, एफ ६८९ म्हणजे पडणं-झडणं आणि लक्ष न ठेवणं, एफ ८१२ म्हणजे स्वयंपाकघरातली अस्वच्छता. शिवाय ए ते एल अशी ग्रेडही लागते. डी असेल तर अजून इजा झालेली नाही, पण होऊ शकली असती. जी असेल तर एखाद-दुसऱ्या माणसाला खरोखर इजा झालेली आहे. जे, के आणि एल म्हणजे जिवालाच धोका.

हे सगळं २५६७ नंबरच्या एका फॉर्मवर उतरतं. डावीकडे काय सापडलं आणि उजवीकडे होम ते कसं सुधारणार. सुधारणेचा प्लॅन दहा दिवसांत द्यायचा. ताजा अहवाल होममध्ये अशा जागी ठेवायचा की येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही वाचता येईल. अहवालात पेशंटचं नाव नसतं. असतो फक्त नंबर. रेसिडेंट ४, रेसिडेंट ११.

मी वर्षभर हे नंबर टाइप करत होते. कॉफी पीत, गाणी ऐकत.

आजीचं ‘शॉर्ट स्टे’

जूनमध्ये आजी बाथरूममध्ये घसरली. वय ८२. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, ते छानच झालं. प्रश्न पुढचा होता. आमचा कर्वेनगरचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबांची बायपास झालेली, आईची पाठ गेलेली, मी रात्रभर ऑफिसात. दोन-तीन महिन्यांसाठी आजीला केअर सेंटरमध्ये ठेवायचं ठरलं. बाबा चार दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. ‘लोक काय म्हणतील’ पेक्षा ‘आई काय म्हणेल’ हे टेन्शन मोठं होतं.

आम्ही तीन सेंटर्स पाहिली. तिसरं सगळ्यांना आवडलं. बाग, गुरुवारी भजन, गणपतीचं छोटं देऊळ, रिसेप्शनवर ऑर्किड्स. मॅडम गोड बोलणाऱ्या. महिन्याचे ४५ हजार. मी विचारलेले प्रश्न आज आठवले तरी लाज वाटते. टीव्ही आहे का? वायफाय आहे का? व्हिडिओ कॉल करता येईल ना?

भेटायची वेळ ४ ते ६. आम्ही गेलो की आजी बागेत व्हीलचेअरवर. वेणी घातलेली, पावडर लावलेली, साडी चापूनचोपून. आई म्हणायची, ‘‘घरी तरी एवढी टापटीप जमली असती का?’’

तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी पाऊस धो धो होता. आजीला थंडी वाजत होती म्हणून मी तिच्या पायात लोकरीचे मोजे घालायला खाली वाकले. ऑपरेशनच्या बाजूच्या टाचेला हात लागला आणि आजी कळवळली. टाच वळवून पाहिली. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा काळा डाग. मळ असेल म्हणून मी ओल्या रुमालाने पुसायला गेले. तो मळ नव्हता.

मॅडम म्हणाल्या, ‘‘या वयात होतंच हो हे. स्किन नाजूक असते.’’

त्या रात्री ऑफिसात एफ ६८६ ची एक केस समोर आली. ती मी तीनदा वाचली. नियमाची भाषा इतकी साधी आहे की वर्षभर माझ्या डोक्यातच शिरली नव्हती. आत येताना माणसाला बेडसोअर नसेल, तर तो नंतर होता कामा नये. झालाच, तर त्या माणसाची तब्येतच अशी होती की टाळणं शक्य नव्हतं, हे दिसलं पाहिजे. म्हणजे ‘वयानुसार होतंच’ हे उत्तर नाही. उलट प्रश्न तिथूनच सुरू होतो.

पहाटे साडेपाचची व्हिजिट

मंगळवारी शिफ्ट संपल्यावर ड्रायव्हरदादांना म्हटलं, आज घरी नको, सेंटरला सोडा. साडेपाच वाजता बेल दाबली. वॉचमनने कुरकुर केली, पण आत सोडलं.

आजी जागी होती. डाव्या कुशीवर. रात्री दहाला झोपवलं तेव्हापासून तशीच, असं तीच म्हणाली. डायपर ओला. पाण्याचा तांब्या खिडकीत, हात पोचणार नाही असा. कॉल बेलची वायर पलंगामागे लोंबकळत होती. मी यातलं एकेक वाक्य आधी शेकडो वेळा वाचलं होतं, फक्त इंग्रजीत.

‘‘तू कशाला आलीस एवढ्या पहाटे? झोप झाली का तुझी?’’ आजीने विचारलं. मग हळूच म्हणाली, ‘‘त्या पोरींना काही बोलू नकोस हं. दमतात बिचाऱ्या.’’

खरंच दमलेल्या होत्या. रात्रीला दोन मावशी आणि पेशंट २६. एकीला विचारलं, तर ती म्हणाली, ‘‘ताई, सगळ्यांची कूस बदलायची तर एक फेरी संपेपर्यंत दुसरीची वेळ होते. आम्ही तरी किती जणांना बघणार?’’ रात्री आठपासून तिने पाठ टेकली नव्हती. आजीच्या टाचेवरचा डाग हा तिचा आळस नव्हता. दोन आणि २६ हे गणितच चुकलेलं होतं.

आमच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी टाच पाहिली. म्हणाले, खुब्याच्या ऑपरेशननंतर पाय हलत नाही, टाचेचं हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस जेमतेम असतं, सतत दाबाने रक्त पोचत नाही आणि कातडी मरते. आत किती खोल गेलंय ते वरून सांगता येत नव्हतं. आणि टाळायचा उपाय? पोटरीखाली एक उशी, टाच अधांतरी राहील अशी. एक उशी!

मग मी मला येतं ते काम केलं. भांडले नाही. २५६७ च्या धर्तीवर मेल लिहिली. तारीख, वेळ, काय दिसलं, कोण काय म्हणालं, फोटो. शेवटी एकच ओळ: हे कधीपर्यंत आणि कसं सुधारणार ते दहा दिवसांत लेखी कळवावं. मावशींचं नाव कुठेही घातलं नाही.

मॅडम आधी चिडल्या. मग बाबांनी आणखी चार पेशंट्सच्या घरच्यांशी बोलणं केलं. त्यातल्या दोघांनी त्याच दिवशी आपापल्या माणसांच्या पाठी पाहिल्या. आठवड्याभरात रात्रीला तिसऱ्या मावशी आल्या, प्रत्येक पलंगाला कूस बदलल्याच्या वेळेचा कागद लागला. आणि ४ ते ६ ची अट गेली.

आपला कायदा कुठेय?

मी सवयीने तपासणी अहवाल शोधायला गेले. न्यू जर्सीतल्या कुठल्याही होमचा अहवाल मला दोन मिनिटांत मिळतो. माझ्या आजीच्या सेंटरचा? असा अहवालच नव्हता.

महाराष्ट्रात १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. त्याच्या व्याख्येत आजाराबरोबर अशक्तपणाही येतो, पण त्याचा रोख हॉस्पिटलं आणि प्रसूतिगृहांवर. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निराधार वृद्धांसाठी जिल्ह्यागणिक वृद्धाश्रम काढायची गोष्ट आहे. खासगी केअर सेंटर्सची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ते समितीकडे गेलं आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर बाद झालं.

अर्थात अमेरिकेतही सगळं आलबेल नाही. २००८ पासून तिथे होम्सना एक ते पाच स्टार मिळतात. पण त्यातला बराच भाग होमने स्वतःच कळवलेल्या माहितीवर चालतो. २०२१ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने या स्टार्सची पोल खोलली. होम्सनी स्वतःबद्दल दिलेली माहिती अनेकदा चुकीची निघाली. प्रत्येक माणसामागे रोज किमान ३.४८ तासांची सेवा मिळावी असा नियम २०२४ मध्ये आला, तो एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासच्या कोर्टाने रद्द केला. म्हणजे दोन आणि २६ चं गणित तिथेही सुटलेलं नाही.

फरक एवढाच की तिथे न सांगता येणारं कोणीतरी आहे, आणि ते जे बघतं ते लिहून ठेवलं जातं. आपल्याकडे ते कोणीतरी म्हणजे तुम्ही आणि मी. तेव्हा स्टार, ऑर्किड्स, गूगलवरचे रिव्ह्यू हे सगळं ओके. पण टाच बघा.

चौकट: इन्स्पेक्टर व्हा!

• वेळ न कळवता जा. एकदा रविवारी रात्री, एकदा पहाटे. कधीच सोडत नसतील तर तेच तुमचं उत्तर समजा.

• ‘स्टाफ किती?’ असं विचारू नका. ‘रात्री दोन वाजता या मजल्यावर किती मावशी आणि किती पेशंट?’ असं विचारा. नर्स प्रत्यक्ष हजर असते की फोनवर, हेही.

• मोजे काढा. दोन्ही टाचा, माकडहाड, खुबे. लाल डाग बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

• हात पोचतोय का? पाणी, चष्मा, बेल. तुम्ही स्वतः बेल दाबा आणि घड्याळ लावा.

• जेवणाच्या वेळी जा. ताट समोर ठेवणं आणि भरवणं यात फरक आहे.

• वजन लिहून ठेवा. महिन्याला एकदा. कमी होत असेल तर कारण विचारा.

• नोंदणी बघा. प्रमाणपत्र कुठल्या कायद्याखाली आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत?

• तक्रार लेखी करा. तारीख, वेळ, काय दिसलं. मावशींवर राग काढू नका, त्या किती जणींचं काम करतायत ते लिहा.

आजीची टाच भरायला चार महिने लागले. तोवर बाबांनी लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमध्ये भाड्याने फ्लॅट घेतला आणि नोव्हेंबरात आजी घरी आली. हल्ली वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जाते आणि माझ्या कॅबची वेळ माझ्याआधी तिला कळते.

माझा जॉब तोच आहे. फक्त आता ‘रेसिडेंट ४’ टाइप करताना मी गाणी बंद ठेवते.

तुमचंही कोणी एखाद्या सेंटरमध्ये असेल तर या वीकेण्डला जा. फोन करू नका. जाताना उशी न्या.