चिखला परिसरातील खाणधूळ आणि गादीयुक्त आसनांच्या स्वच्छतेसाठी टिकाऊ साधनांची निवड

प्रस्तावना :
भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला हे गाव मँगनीजच्या भूमिगत खाणीमुळे सर्वपरिचित आहे. 1962 मध्ये स्थापन झालेल्या व आज मॉयल लिमिटेड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीकडे ही खाण आहे. याच तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथे कंपनीची खुली खाण असून तेथील मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटरीच्या उद्योगात वापरले जाते. खनिजाची काळसर धूळ कपडे, पादत्राणे व वाहने यांच्याबरोबर निवासस्थाने, विश्रामगृहे व कार्यालयांतील सोफा-खुर्च्यांपर्यंत पोहोचू शकते. अशी आसने स्वच्छ करणाऱ्या व्यावसायिक कामगाराने साधने कोणत्या निकषांवर निवडावीत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

धुळीचे स्वरूप :
साधनाचा टिकाऊपणा मळाच्या स्वरूपावर अवलंबून असतो. या पट्ट्यातील ब्राऊनाइट या मँगनीज खनिजाची काठिण्यता मोहच्या मापनक्रमात 6 ते 6.5 असून घनता पाण्याच्या चौपटीहून अधिक आहे. जड कण कापडाच्या विणीत खोलवर उतरतात आणि कठीण असल्यामुळे घर्षण होताच धागे कापतात. अशा आसनावर ओला ब्रश घासल्यास कण बाहेर न येता चिखल होऊन आत रुततात, तर काठीने झोडपल्यास धूळ हवेत उडून कामगाराच्या श्वासात जाते. मँगनीज दळणाऱ्या कामगारांच्या मज्जासंस्थेवर धुळीचा परिणाम होतो, हे स्कॉटलंडमधील कूपर या वैद्यकाने 1837 मध्येच नोंदविले होते. सोफ्यातील धूळ त्या प्रमाणात नसते, हे खरे. परंतु जो कामगार दररोज हेच काम करतो, त्याच्या बाबतीत सावधगिरी अनावश्यक म्हणता येणार नाही. म्हणून प्रथम कोरडे शोषण, नंतर ओली स्वच्छता, हा क्रम येथे अनिवार्य ठरतो.

साधनांच्या निवडीचे निकष :
1) व्हॅक्यूम यंत्र : कापडी गाळणीच्या साध्या यंत्रातून सूक्ष्म धूळ पुन्हा खोलीत येते. 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडविणारी हेपा गाळणी व बंद पिशवी असलेले यंत्र निवडावे. पाणीही ओढावयाचे असल्यास मोटार थंड करणारी हवा आणि शोषलेली हवा यांचे मार्ग स्वतंत्र असावेत. अन्यथा ओलावा व धूळ मोटारीत शिरून ती लवकर जळते. कार्बन ब्रश, गाळणी व नळी हे सुटे भाग तुमसर, भंडारा किंवा नागपूरच्या बाजारात मिळतात काय, याची खात्री खरेदीपूर्वीच करावी.

2) ब्रश : नायलॉनचे तंतू वाकल्यावर पुन्हा सरळ होतात, मात्र पाण्याने काहीसे मऊ पडतात. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ शोषत नाही, परंतु एकदा वाकल्यास तसेच राहते. त्यामुळे नियमित कामासाठी नायलॉन व केवळ ओल्या कामासाठी पॉलिप्रॉपिलीन, अशी विभागणी उपयुक्त ठरते. मखमलीवर मऊ केसांचाच ब्रश वापरावा. तारेचा ब्रश कोणत्याही कापडावर वापरू नये.

3) ओल्या स्वच्छतेचे यंत्र : पाणी फवारून लगेच ओढून घेणाऱ्या यंत्राचे तोंड प्लास्टिकपेक्षा स्टेनलेस स्टीलचे असल्यास अधिक काळ टिकते. पंपापूर्वी धुऊन वापरता येणारी जाळी असावी.

4) मायक्रोफायबर फडकी : ही फडकी कपडे मऊ करणाऱ्या द्रावणात धुऊ नयेत, त्याच्या थरामुळे त्यांची शोषणक्षमता घटते.

रसायनांविषयी एक इशारा आवश्यक आहे. मँगनीज डायऑक्साइड व हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या अभिक्रियेतून क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होतो. काळा डाग काढण्यासाठी शौचालयाचे आम्ल सोफ्यावर कदापि वापरू नये. त्याने साधनांचे धातूचे भागही गंजतात.

खर्चाचा विचार :
किंमत आणि खर्च या भिन्न बाबी होत. समजा, 150 रुपयांचा ब्रश 30 सोफ्यांनंतर निकामी झाला, तर प्रत्येक सोफ्यामागे 5 रुपये पडतात. 400 रुपयांचा ब्रश 160 सोफे टिकल्यास हाच खर्च अडीच रुपये होतो. यंत्राच्या बाबतीत दुरुस्तीचा खर्च व काम बंद राहिलेल्या दिवसांची बुडालेली मजुरी हीदेखील हिशेबात धरावी लागते. म्हणजेच स्वस्त साधन हे अनेकदा गरिबाला महाग पडणारे साधन असते.

हा प्रश्न महाविद्यालयांशीही निगडित आहे. सभागृहातील व प्राध्यापक कक्षातील आसनांची स्वच्छता कंत्राटाने देताना केवळ न्यूनतम दर पाहिल्यास त्या दराचा भार निकृष्ट साधनांच्या रूपाने कामगारावर पडतो. निविदेतच गाळणीचा दर्जा, विद्युत यंत्राची भूजोडणी, मुखपट्टी व हातमोजे यांची अट घातल्यास हा भार कमी करता येईल.

निष्कर्ष :
टिकाऊ साधन म्हणजे केवळ न मोडणारे साधन नव्हे. जे स्थानिक धुळीला पुरून उरते, ज्याची दुरुस्ती जवळच्या गावी होते, ज्याने कापड झिजत नाही आणि वापरणाऱ्याचा श्वास सुरक्षित राहतो, तेच खऱ्या अर्थाने टिकाऊ होय. चिखल्यासारख्या खाणपट्ट्यात यांपैकी शेवटचा निकष प्रथम तपासणे श्रेयस्कर ठरेल.